सरकत्या बैठकीची येळवस

मार्गशीर्ष उतरणीला लागला की कळंबच्या बाजारात एका सकाळी अचानक शेंगांचे ढीग दिसायला लागतात. तुरीच्या, वाटाण्याच्या, वालाच्या. शेजारी चिंचेचे गोळे, मेथीच्या जुड्या, कांद्याची पात, ओला हरभरा. बायका पिशव्या उघडून उभ्या असतात आणि भज्जीत यंदा काय काय पडणार, हा एकच विषय सगळ्यांच्या तोंडी असतो. लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मी मात्र अमावस्येला किती दिवस उरले ते मोजायला लागतो.

ज्यांना आमच्याकडची येळवस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेळ अमावस्येला आमचा सगळा मुलूख घराला कुलूप लावून रानात जातो. कडब्याची कोपी, म्हणजे छोटं खोपटं, करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची, नैवेद्याची आंबील रानाला शिंपडायची आणि मग ज्वारीच्या काठाला पंगती मांडून भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबट भात असं जेवायचं. रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसालाही हाताला धरून बसवतात. त्या दिवशी गावात राहतो तो एक तर आजारी, नाही तर कुणाशी तरी भांडलेला, अशी साधी समजूत आहे.

परवाच्या साली आम्ही दोघं गावात राहिलो. भांडण कुणाशीच नव्हतं. माझ्या बायकोच्या, शकुंतलेच्या, डाव्या अंगावरून उन्हाळ्यात वारं गेलं होतं. दवाखाना झाला, मालिश झाली, काठीच्या आधारानं ती घरातल्या घरात चालायलाही लागली. हात-पाय थोडे वळले, पण त्या बाजूची जाणीव काही परत आली नाही. डाव्या हातात गरम पेला दिला तर तो गरम आहे हे तिला डोळ्यांनी वाफ बघून समजायचं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, नाहीतर येणारही नाही. एवढ्या स्पष्टपणे अस्पष्ट बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

चालता येत होतं, तरी गाडीत चढणं-उतरणं जमत नव्हतं. दिवाळीला गावाकडच्या घरी गेलो तेव्हा पुतण्यांनी तिला आमच्या जुन्या व्हॅनमधून उचलून ओट्यावर ठेवलं. पोरं गुणाची, मायेनंच उचललं. पण उचलताना पदर सुटला, समोर सासरचे दीर, चुलत दीर, गल्लीतली माणसं. तिनं उजव्या हातानं पदर सावरला. कळंबला परत आल्यावर दार लावून घेतलं आणि म्हणाली, "अवो, मला आता कुठंबी न्हेऊ नका. गाठोड्यागत उचलून ठिवल्यालं मला न्हाई सोसत. म्या घरीच बरी हाय."

मग ती येळवस. कळंबसारखं गजबजलेलं गाव, पण त्या दिवशी आडत बाजार बंद, दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर एक कुत्रं आडवं पडलेलं. आम्ही दोघं ओसरीत बसलो. धाकट्या भावाच्या बायकोनं, मीनानं, दुपारी डबा पाठवला होता. शकूनं भज्जीचा एक घास घेतला, चावला, गिळला आणि ताट सरकवलं. म्हणाली, "रानात लई बरी लागती." लग्न होऊन आल्यापासून घरातली थोरली म्हणून कोपीतल्या पूजेची पहिली ओटी तीच भरत आली होती. मला त्या दिवशी असं वाटलं की या बाईला पुढच्या येळवशीला आपल्या पायानं रानात उतरवता आलं नाही तर ती पुन्हा कधीच उंबरा ओलांडणार नाही. हे नुसतं वाटणं नव्हतं. ती हळूहळू मागच्या खोलीत सरकत चालली होती, आणि मी ते पाहत होतो.

मी गणिताचा मास्तर. आयुष्यभर शाळेत फळ्यावर समांतर रेषा काढल्या. निवृत्तीनंतर लोकांना देवधर्म सुचतो, मला एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधला लोखंड तासायचा छोटा लेथ सुचला. परसात पत्र्याचं शेड ठोकलं आणि तिथं तो बसवला. लहानपणापासून लोखंड तासलेलं बघायची मला हौस, चकचकीत गुंडाळ्या निघताना बघत राहावंसं वाटायचं. शेजारचे अप्पा भिंतीवरून डोकावून म्हणायचे, "गुरुजी, पोरं सपली म्हणून आता लोखंडाला पाढे शिकवायलाव व्हय?" मीही हसायचो. तोवर त्या लेथवर मी पाटाचे पाय, पंख्याचं एक बूड आणि तुळशीपुढची एक समई एवढंच केलं होतं, आणि समई थोडी कलती होती.

शकूसाठी सरकती बैठक करायची असं माझ्या डोक्यात आलं. व्हॅनची मधली सीट काढायची, तिथं दाराकडं तोंड करून एक खुर्ची बसवायची. खुर्चीखाली दोन गोल शाफ्ट, म्हणजे पोलादी कांबी, आणि गाडीच्या तळाला ठोकळे, ठोकळ्यांत बुश. बुश म्हणजे शाफ्टच्या अंगावर बसणारी धातूची नळी, तिच्यातून शाफ्ट पुढंमागं सरकतो. दार उघडलं, खुर्ची ओढली की ती शकूसकट बाहेर यावी, खाली टेकायला खुर्चीचा एक पाय सोडावा, आणि तिनं काठी टेकून आपली आपण उठावं. कुणी हात लावायचा नाही. कागदावर हे अर्ध्या पानात मावलं.

सगळी मेख बुशाच्या आत होती. शाफ्ट आणि बुश यांच्यात किती फट ठेवायची? घट्ट झालं तर शाफ्ट अडकतो. सैल झालं तर बाहेर आलेल्या खुर्चीचं वजन पुढं झुकतं, शाफ्ट तिरका होऊन बुशाच्या तोंडाला चावतो आणि तरीही अडकतो. म्हणजे दोन्हीकडून अडकायचीच भीती. जुन्या पुस्तकात कोष्टकं होती, अमुक जाडीच्या शाफ्टला तमुक फट. ती फट इतकी बारीक की डोक्याच्या केसाहूनही कमी. मास्तरला कोष्टक दिलं की तो निर्धास्त व्हायला पाहिजे. मी उलट जास्तच घाबरलो, कारण आता चूक झाली तर ती माझी, कोष्टकाची नाही.

गनमेटलचा, पितळेसारख्या धातूचा, गोळा मला रशीदभाईंनी दिला. त्यांचं बसस्टँडमागं लेथचं दुकान आहे, सोयाबीनच्या मळणीयंत्रांची कामं त्यांच्याकडं रांगेत असतात. काम कशासाठी आहे हे ऐकून ते लगबगीनं उठले, चांगला तुकडा शोधून काढला आणि म्हणाले, "टाइट ठिवा गुरुजी. वापरून वापरून ढिलं तर हुणारच हाय. ढिल्यावरनं टाइटवर यायला रस्ताच न्हाई, नवाच बनवावा लागतो." माझ्या स्वभावाला हे लगेच पटलं. काळजीखोर माणसाला घट्ट ठेवा म्हणून सांगणारा कुणीही शहाणा वाटतो.

गेल्या साली पावसाळा संपल्यापासून मार्गशीर्षापर्यंतचे दिवस मला शेडमधल्या वासासकट आठवतात. कटिंग ऑइलचा धूर, तापलेल्या पत्र्याचा वास, आणि परसातल्या शेवग्याच्या फुलांचा मंद कडवट वास, तिन्ही एकमेकांत मिसळलेले. मी पहिला बुश केला तो दुपारी. आतून कट घेतला, लगेच मोजला, माप कोष्टकाबरहुकूम. आनंदानं चहा मागितला. संध्याकाळी शाफ्ट घालायला गेलो तर आत जाईना. तासताना धातू तापलेला होता, तापलेल्याचं माप घेतलं होतं, गार झाल्यावर तो आकसला. शाळेत मी धातूच्या प्रसरणाचे सवाल पोरांना घातले होते, आणि उत्तर चुकलं की हातावर पट्टी मारली होती. त्या संध्याकाळी मला पट्टी मारायला कुणी नव्हतं.

दुसरा बुश गार होऊ दिला, मग मोजला, शाफ्ट अलगद जाऊन बसला. तो ठोकळ्यात दाबून बसवला तर पुन्हा शाफ्ट जाईना. दाबून बसवलं की बुश बाहेरून आवळला जातो आणि आतलं भोक लहान होतं. तेवढं आधीच मोठं ठेवायचं, किंवा बसवल्यावर रीमरनं, भोक तासायच्या हत्यारानं, साफ करायचं, हे मला तेव्हा समजलं. शकू ओसरीतून माझं बघत असायची. एकदा म्हणाली, "कासाराला विचारा की. हाताला बघून त्येला कळतंय कंची बांगडी चढंल." तिच्या डाव्या हातातल्या बांगड्या दवाखान्यात कापून काढल्या होत्या. ती हे थट्टेत म्हणाली, पण नंतर बराच वेळ त्या मोकळ्या मनगटावर तिनं उजवा हात ठेवला होता.

होता होता एक बुश असा जमला की खालचं तोंड अंगठ्यानं बंद करून वरून शाफ्ट सोडला की तो आतल्या हवेवर तरंगत सावकाश खाली उतरायचा आणि ओढून काढताना बाटलीचं बूच निघाल्यासारखा बारीक आवाज व्हायचा. मी ते शकूला दाखवलं. तिनं हसून मान हलवली. चारही बुश तसे करायला दिवाळी उलटून गेली. मला रात्रंदिवस हलता शाफ्ट दिसायचा. एक बुश बरा आला की दुसरा बिघडायचा, दोन्ही बरे आले की दोन शाफ्ट एकमेकांना समांतर बसायचे नाहीत. आयुष्यभर फळ्यावर ज्या रेषा न बघता ओढल्या त्या लोखंडात काढायला मला घाम फुटला. आणि सगळ्या वेळात मनात एकच चित्र असायचं, शकू अर्ध्यात अडकली आहे आणि माणसं तिला उचलायला येत आहेत.

बैठक गाडीत बसल्यावर अंगणात पहिली चाचणी केली. शकूला आधी फळीवरून चढवून बसवलं, आणि मी खुर्ची ओढली. ती आवाज न करता, लोण्यात सुरी जावी तशी बाहेर आली. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती घाबरली होती. उजव्या हातानं खुर्चीच्या बाजूचा दांडा इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी विचारलं, "काय झालं? हिसका बसला का?"

"न्हाई."

"हलतंय का?"

"न्हाई वो. चांगलं हाय."

चांगलं असेल तर माणूस असं धरत नाही. मला वाटलं कुठंतरी बारीकसा धक्का आहे, मला न जाणवणारा, तिला जाणवणारा. म्हणून बुश पुन्हा काढले. पॉलिश केले. एक नवाच केला, आणखी घट्ट, आणखी गुळगुळीत. दुसऱ्या चाचणीला बैठक पहिल्याहून अलगद सरकली आणि शकूनं पहिल्याहून घट्ट दांडा धरला. तिसऱ्यांदा तिनं डोळेच मिटले. मी शेडमध्ये जाऊन स्टुलावर बसलो. परीक्षेच्या आधी काही पोरं असायची, जितका अभ्यास करतील तितकी जास्त घाबरायची. मी त्यांना म्हणायचो, आता पुस्तक मिट आणि झोप. मला तसं म्हणणारं कुणी नव्हतं. असतं तरी ऐकलं नसतं.

येळवशीच्या सकाळी चांगलीच थंडी होती. तोंडातून वाफ निघत होती. शकू जरीकाठाचं हिरवं लुगडं नेसली होती, त्यालाच किती वेळ लागला. वाटेत ज्वारी पोटरीत आलेली, हरभऱ्यावर दव, रस्त्याच्या कडेनं डोक्यावर आंबिलीची मडकी घेतलेली माणसं लगबगीनं चाललेली. शकू खिडकीतून प्रत्येक रान ओळखत होती. हे अमक्याचं, यंदा तूर बरी हाय त्येंची. मी गाडी चालवत होतो आणि कान मागं होता, बुशांकडं.

गावातल्या घरापुढं थांबलो. मीना आणि माझा भाऊ बालाजी वाटच बघत होते. मीना म्हणाली, "अक्का, बाहीर या की, बघू तरी दादांनी काय केलंय." मी खुर्ची ओढली. शकू अलगद दाराबाहेर आली, पाय जमिनीपासून वीतभर वर. गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. मीनाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आत गेली आणि आरतीचं ताट घेऊन आली. शकूला ओवाळलं, आणि मग ओल्या हळदी-कुंकवात बोटं बुडवून त्या दोन चकचकीत शाफ्टांना पाच-पाच बोटं लावली.

मी बघत होतो. मला तिला थांबवता आलं असतं. पण आमच्याकडं नवा नांगर असो, शिलाई मशीन असो की मोटारसायकल, हळदी-कुंकवाशिवाय ती घरची होत नाही. सवाष्णीच्या हातातलं कुंकू अडवायचं आणि तेही शकूसाठी केलेल्या गोष्टीवरचं, एवढी माझी छाती नव्हती. नंतर पुसून घेऊ म्हणालो. मग आंबिलीचं मडकं चढलं, भज्जीचं पातेलं चढलं, मीना चढली, बालाजी पुढच्या सीटवर बसला आणि पुसायचं राहून गेलं. खुर्ची आत ढकलताना थोडी जड गेली. मी मनाला सांगितलं, थंडीनं ग्रीस घट्ट झालं असेल.

रानाच्या वाटेला गाडीनं भरपूर धूळ खाल्ली. कोपीपाशी थांबलो. चुलते, पुतणे, सुना, शेजारच्या रानातली माणसं, सगळी उभी होती. आदल्या येळवशीला शकू आलीच नव्हती ना. दार उघडलं, मी खुर्ची ओढली. ती अर्धी बाहेर आली आणि थांबली.

ओढली, हलेना. मागं ढकलली, हलेना. केसाहून बारीक फटीत ओलं कुंकू आणि वाटेची धूळ शिरून त्याचा गारा झाला होता. शकू अर्धी गाडीत, अर्धी बाहेर. दोन महिने माझ्या डोळ्यांपुढं होतं तेच चित्र, फक्त त्यात मी ऊन आणि हरभऱ्याचा वास धरला नव्हता.

"दादा, तुमी सरका," बालाजी म्हणाला. "आमी चौघं उचलतो वैनीला एका दमात." पुतण्यांनी बाह्या सारल्या. चांगल्या मनाची माणसं मदतीला धावून आली की त्यांना थोपवणं फार अवघड असतं.

"कुणी हात लावू नका," शकू म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "बालाजी, तुमी पूजा चालू करा. मीना, ओटी तू भर. मला हितनं दिसतंय."

"अक्का, तुमच्याबिगर कशी भरू?"

"मग थांबा जरा. ह्यांनी केलंय, हेच नीट करतेत."

सगळी थांबली. नैवेद्य झाकलेला, पोरं भुकेली, ऊन वर चढत चाललेलं. मी गाडीखाली उताणा पडलो. ट्रॅक्टरमधलं डिझेल बाटलीत आणून दिलं कुणीतरी, ते मी ठोकळ्यांवर ओतत राहिलो. लाल पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत यायचं. थोडं ओतायचं, थोडं हलवायचं. कणभर पुढं, कणभर मागं. दाराच्या बाजूला शकूची पावलं दिसत होती, उजवं पाऊल ताठ, डावं लोंबतं. मला रडू येत होतं आणि गाडीखाली असल्यामुळं ते कुणाला दिसत नव्हतं, एवढंच एक बरं होतं. कितीतरी वेळानं खुर्ची कुरकुरत, अडखळत, एकदाची पूर्ण बाहेर आली. मी खुर्चीचा टेकायचा पाय सोडला. शकूनं काठी टेकली, उजव्या पायावर भार घेतला आणि उठली. काळ्या रानात तिची चप्पल रुतली. कोपीपर्यंतची वाट ती चालत गेली. तिनं ओटी भरली. मग बालाजीनं आंबिलीचं पाणी शिंपडत रानाला फेरी घातली, येळवशीची कानडी वळणाची आरोळी देत, आणि सगळी माणसं जेवायला बसली.

मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. परत जायचं होतं, आणि बुश पुन्हा चावला असता. सगळे पंगतीत असताना मी ठोकळे सोडवले, तुरीच्या वाळल्या काडीला, तुराटीला, हत्यारांच्या पिशवीतला पॉलिश पेपर गुंडाळला आणि चारही बुश आतून घासले. हातानंच, अंदाजानं. दोन महिने ज्या फटीला मी श्वास धरून जपलं ती माझ्याच हातानं, एका तुराटीनं, वाकडीतिकडी मोठी केली. शाफ्ट घालून पाहिला तर खडखडला. मला लाज वाटली. पण तो अडकत नव्हता, आणि त्या दिवशी मला आणखी काही नको होतं. येताना शकू त्या खडखडत्या बैठकीवर बसून आत सरकली, घरी खडखडत बाहेर आली. दमली होती. डब्यातली उरलेली भज्जी तिनं संध्याकाळी पुन्हा खाल्ली.

वर्षभर ती बैठक खडखडत राहिली. शकू दवाखान्याला गेली, लग्नाला गेली, तुळजापूरला जाऊन आली. बसगाडी नाही, कुणी उचलणं नाही. गल्लीत आमची गाडी थांबली की अप्पा भिंतीपलीकडून म्हणायचे, "आली गुरुजींची खुळखुळी." मला तो आवाज ऐकवत नव्हता. सैल बुश आणखी सैल होत जातो, एक दिवस तिरका होऊन चावणार, कुठं चावणार, कुणापुढं चावणार, हेच मनात. म्हणून यंदा पाऊस सरताच मी नव्यानं सुरुवात केली. आता हात बसला होता. गार करून मोजायचं माहीत होतं, दाबल्यावर किती आवळतो ते माहीत होतं. बुशाच्या दोन्ही तोंडांना नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या बसवल्या, म्हणजे धूळ अडेल आणि मीनाला हवं तेवढं कुंकू लावू देता येईल. इतकं सुरेख काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं.

काल दुपारी ते गाडीत बसवले. शकूला बसवलं आणि ओढलं. काडीचाही आवाज नाही. आणि तिनं दांडा पकडला, डोळे मिटले, पेरं पांढरी.

मी खालीच बसलो, गाडीच्या पायरीवर. म्हणालो, "शकू, अगं आता यात काय खोट राहिली ते तरी सांग. वर्षभर त्या खुळखुळ्यावर बसलीस, एकदाही अशी घाबरली नाहीस."

तिनं डोळे उघडले. मग म्हणाली, "तुमी लई जीव लावून करायलाव, म्हणून सांगाव वाटंना. मला डाव्या अंगाला बुडाखाली काय हाय ते कळतच न्हाई. तुमी गप ओढलं की मला वाटतंय, बैठक हाय तिथंच हाय अन् म्याच घसरायले. पडलेच आता, असं हुतंय. त्ये जुनं वाजायचं. वाजलं का कळायचं, बैठक सरकायलीय. म्या न्हाई."

मी कोष्टकाचं पुस्तक शेडमधून आणलंच नाही. त्यात घट्ट कसं, सैल कसं, तेल किती, सगळं आहे. माणसाला ऐकू यावं एवढं सैल आणि माणूस पडू नये एवढं घट्ट, असं माप त्यात नाही. आज सकाळपासून आम्ही दोघं ते शोधतो आहोत. मी एक अगदी बारीक कट घेतो, बुश गार होऊ देतो, बसवतो. ती खुर्चीत बसते, डोळे मिटते आणि दांडा धरते. मी ओढतो.

"न्हाई."

पुन्हा काढतो, पुन्हा कट. प्रत्येक कटाआधी दोनदा मोजतो, कारण घेतलेला कट परत घालता येत नाही आणि उद्या अमावस्या आहे. पुन्हा बसवतो. ती बसते, डोळे मिटते.

"आजून न्हाई."

दुपार कलली तेव्हा शाफ्टाखालून बारीकसा, दाढेत हरभरा फुटावा तसा आवाज आला. मी ओढायचा थांबलो. शकूनं डोळे उघडले नाहीत.

"थांबलाव का? वढा की," ती म्हणाली, आणि दांडा सोडून तिनं हात मांडीवर ठेवला.